अल्पसंख्याक महाविद्यालयातील शिक्षक आणि विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधनासाठी निधी कोठून मिळू शकतो?

विचारणा : सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका, मध्य मुंबई

सर्वांना नमस्कार. मी मध्य मुंबईतील एका अनुदानित अल्पसंख्याक महाविद्यालयात गेली अकरा वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली नागपाडा, मदनपुरा, कुर्ला आणि मुंब्रा या भागांतल्या आहेत आणि त्यांपैकी अनेक जणी आपल्या घरातून पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेल्या पहिल्याच आहेत. माझा प्रश्न उन्हाळ्याच्या सुट्टीतील संशोधनाच्या निधीविषयी आहे. तो नीट कळावा म्हणून गेल्या उन्हाळ्यात घडलेली हकिकत आधी सांगते.

द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनी जुन्या इमारतींच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांचा अभ्यास हाती घेतला होता. टाकीतील पाण्यात कोलिफॉर्म जीवाणू (पाणी दूषित झाल्याची खूण मानले जाणारे) किती आहेत हे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा सुरू झाल्यावर मोजायचे, अशी साधी मांडणी होती. एप्रिलमध्ये त्या दोघी सकाळी साडेसहाला टाक्यांवर चढून निर्जंतुक बाटल्यांमध्ये नमुने घेत. पाण्यातील क्लोरीन नमुन्यातल्या जीवाणूंना मारत राहू नये म्हणून बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटचे थेंब घातलेले असत. नमुने नऊच्या आत प्रयोगशाळेत आणून त्या मॅकॉन्की ब्रॉथ या जीवाणू वाढवण्याच्या द्रवाच्या नळ्या लावत. दुसऱ्या दिवशी आतल्या छोट्या डरहॅम नळीत वायूचा बुडबुडा, म्हणजे कोलिफॉर्म असल्याची खूण, दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटे, ते मला पाठ्यपुस्तक शिकवताना कधी पाहायला मिळालेले नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे काम थांबले. एकीला कुर्ल्याच्या शिकवणी वर्गात दरमहा सात हजार रुपयांचे काम मिळाले, आणि घरची परिस्थिती पाहता ते नाकार असे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? दुसरी मुंब्र्याहून येत असे. महाविद्यालय बंद असताना रोज मुंबईला कशासाठी जायचे, या प्रश्नाचे तिच्या वडिलांना पटेल असे उत्तर आम्हा दोघींपाशी नव्हते. प्रयोगशाळा परिचर सुट्टीत गावी गेले, वीजबिलाच्या कारणाने इन्क्युबेटर (नळ्या उबेत ठेवण्याचे यंत्र) बंद करण्यात आला, आणि नोंदवहीत एप्रिलनंतरची पाने कोरी राहिली. तुलनाच करायची होती, आणि तुलनेची दुसरी बाजूच मिळाली नाही.

अमेरिकेत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या महाविद्यालयांसाठी उन्हाळी योजना आहेत असे वाचनात आले. त्यांत एक प्राध्यापक आणि त्यांचे एक-दोन विद्यार्थी असा छोटा गट दहा आठवडे एखाद्या मोठ्या संशोधन केंद्रात जाऊन काम करतो, आणि शिक्षक व विद्यार्थी या दोघांनाही मानधन मिळते. आपल्याकडे अल्पसंख्याक महाविद्यालयांसाठी असे काही आहे का? नसल्यास माझ्यासारख्या शिक्षिकेने सुट्टीतल्या दोन महिन्यांसाठी, स्वतःकरिता आणि विद्यार्थिनींकरिता, कोणकोणती दारे ठोठवावीत? जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त उपप्राचार्य, दक्षिण मुंबई

मॅडम, आपली हकिकत वाचली आणि माझ्या सेवेतील कितीतरी उन्हाळे आठवले. आधी मूळ प्रश्नाचे उत्तर देतो: केवळ अल्पसंख्याक दर्जा आहे म्हणून महाविद्यालयाला उन्हाळी संशोधनासाठी निधी देणारी सरकारी योजना आपल्याकडे नाही. ती का नाही हे समजून घेतले तर पुढची बरीच वणवण वाचेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेतील आणि आपल्याकडील ‘अल्पसंख्याक महाविद्यालय’ या शब्दांचा अर्थच वेगळा आहे. तिथे एखादे महाविद्यालय हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना सेवा देणारे ठरते ते त्याच्या पटावर किमान २५ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असल्यामुळे. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांच्या बाबतीत स्थापना १९६४ पूर्वीची असावी आणि त्यांच्या शिक्षणासाठीच ते काढलेले असावे, अशी अट आहे. म्हणजे वर्गात कोण बसले आहे, किंवा कोणासाठी ती वास्तू उभी राहिली, हे पाहून पैसा दिला जात आला आहे. आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. त्यामुळे दर्जा ठरतो तो संस्था कोणी काढली आणि कोण चालवते यावरून. म्हणूनच मुंबईत खालसा, झेवियर्स, जय हिंद आणि बुऱ्हानी ही परस्परांपासून इतकी वेगळी महाविद्यालये एकाच शब्दात बसतात. या दर्जामुळे व्यवस्थापनाला आणि प्रवेशप्रक्रियेला संरक्षण मिळते. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे एवढ्याच कारणाने अनुदान देताना भेदभाव करता येणार नाही, असे म्हटले आहे. माझ्या मते आपल्या उपयोगाचा भाग हाच आहे. वेगळी पंगत नाही, पण सर्वांच्या पंगतीतून कोणी उठवूही शकत नाही.

अल्पसंख्याक म्हणून जे आर्थिक साहाय्य मिळते ते बहुतांशी विद्यार्थ्याला, शिष्यवृत्तीच्या रूपाने, आणि तेही शिक्षणशुल्क व निर्वाहासाठी असते. संशोधनासाठी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) होती, परंतु ती एम.फिल. आणि पीएच.डी.साठी होती आणि २०२२-२३ पासून केंद्र सरकारने ती बंद केली. ती बंद झाल्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपल्या मुली ज्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या आहेत त्याच जिन्याची वरची पायरी काढून घेतल्यासारखे ते झाले.

आता काम सुरू कुठून करावे? आपल्या महाविद्यालयाला विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २ (एफ) आणि १२ (बी) या दोन्ही कलमांखाली मान्यता आहे का, हे आधी कार्यालयातून लेखी मिळवा. केंद्रीय अनुदानाची वाट १२ (बी) मधूनच जाते. अनेक शिक्षकांना हे पत्र कोणत्या फायलीत आहे हेच ठाऊक नसते, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी शोधाशोध सुरू होते. आयोगाचे लघुसंशोधन प्रकल्प हा आपल्यासारख्यांचा मोठा आधार होता, पण बाराव्या पंचवार्षिक योजनेचा काळ २०१७ मध्ये संपला आणि तो झराही आटला. मुंबई विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांना लघुसंशोधनासाठी अनुदान देते. ही रक्कम मोठी नसते, पण जीवाणू वाढवण्याची माध्यमे, रसायने आणि काचसामान यांचा खर्च त्यातून भागतो, आणि आपला टाक्यांचा विषय त्या चौकटीत चपखल बसतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) स्टार कॉलेज योजना २००८ पासून पदवीच्या विज्ञान विभागांतील प्रात्यक्षिक कामासाठी मदत देत आली आहे. मात्र तिचा अर्ज संपूर्ण महाविद्यालयाच्या वतीने करावा लागतो, त्यामुळे प्राचार्यांना सोबत घेतल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नका.

उत्तर २ : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पश्चिम उपनगर

सरांनी कायद्याची बाजू स्पष्ट केली आहेच. मी प्रत्यक्ष अर्ज करून गेलेल्या माणसाच्या अनुभवातून लिहितो.

मॅडम, आपण ज्या प्रकारची योजना शोधत आहात तिच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची योजना म्हणजे तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, नवी दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून ती चालवतात. ती विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही खुली आहे, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयांत फारच थोड्यांना माहीत असते. निवड झाल्यास देशातील एखाद्या संशोधन संस्थेत, तिथल्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली, उन्हाळ्यात साधारण दोन महिने काम करता येते आणि दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते. अर्ज मात्र उन्हाळ्यात करायचा नसतो. तो आदल्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास मुदत संपते. मार्चमध्ये शोध सुरू करणाऱ्याला सगळी दारे बंद दिसतात ती याच कारणाने. आपण ऑक्टोबरात विचारलेत हे फार चांगले झाले.

अर्जात आपल्याला काय करायचे आहे हे सुमारे २५० शब्दांत लिहावे लागते. पहिल्या वर्षी मी त्या टिपणात पुंज यामिकीपासून विश्वरचनेपर्यंत सगळे काही कोंबले होते आणि माझी निवड झाली नाही. दुसऱ्या वर्षी मी आमच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या वर्णपटमापकाविषयी लिहिले: त्यावर विद्यार्थ्यांकडून कोणते मोजमाप करून घेतो, कुठे अडते, आणि ती अडचण सोडवण्यासाठी कोणते तंत्र शिकायचे आहे. त्या वर्षी निवड झाली. त्यामुळे माझे आग्रहाचे सांगणे असे की, ‘जलजन्य रोगांचे निर्मूलन’ अशा विषयाने सुरुवात करू नका. गच्चीवरची टाकी, सकाळी साडेसहाचा नमुना आणि कोरी राहिलेली पाने यांविषयीच लिहा. वाचणाऱ्या शास्त्रज्ञाला काम केलेला माणूस दोन ओळींत ओळखू येतो.

एक उणीव मात्र सांगायला हवी. या योजनेत शिक्षक आणि विद्यार्थी वेगवेगळे अर्ज करतात आणि निवड झाल्यास वेगवेगळ्या संस्थांत पाठवले जाऊ शकतात. अमेरिकेतील योजनेप्रमाणे शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी मिळून एकच अर्ज, असा प्रकार इथे नाही. तो असायला हवा असे मला फार वाटते, कारण सुट्टी संपल्यावर त्या तिघी एकाच प्रयोगशाळेत परतल्या तर शिकलेले तंत्र तिथे रुजते. एकटी विद्यार्थिनी शिकून आली तर पदवी घेताच ते तंत्र तिच्याबरोबर निघून जाते.

मुंबईतच राहू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनींसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम पाहावा. २००४ पासून चालू असलेला हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतील विद्यार्थ्यांसाठीच आखलेला आहे. त्यात आधी शिबिर होते आणि नंतर निवडक विद्यार्थ्यांना मार्गदर्शकासोबत प्रकल्प करता येतो. कुर्ल्याहून हार्बर मार्गाने मानखुर्द फार लांब नाही, हे पालकांना समजावताना उपयोगी पडते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) व्हीएसआरपी हा अभ्यागत विद्यार्थ्यांचा उन्हाळी कार्यक्रमही नावाजलेला आहे; एमएस्सीच्या पहिल्या वर्षात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनींना तो आवर्जून सुचवा. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रात बीएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर सलग तीन उन्हाळे बोलावून घेणारा जीवशास्त्राचा उपक्रम आहे. घरून परवानगी मिळाली तर त्याला तोड नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक वाट आहे. पूर्वीच्या एसईआरबीने (केंद्राचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ) शिक्षकांसाठी ‘टेअर’ नावाची योजना आणली. एसईआरबी आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले आहे, त्यामुळे या योजनेच्या घोषणा प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर पाहाव्या लागतात. महाविद्यालयात कायम नोकरीवर असलेल्या शिक्षकाने आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेसारख्या संस्थेशी तीन वर्षे जोडून घ्यायचे, वर्षातील काही काळ तिथे जाऊन काम करायचे आणि संशोधन अनुदानाचा काही भाग आपल्या मूळ महाविद्यालयातही खर्च करायचा, अशी तिची रचना आहे. उन्हाळ्याची सुट्टी त्यासाठी कामी येते. पवईच्या आयआयटीत किंवा माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (आयसीटी) आपल्या विषयाशी जवळीक असलेला संशोधक शोधा आणि अर्जाच्या आधी सहा महिने त्यांना भेटून या. मी पत्र पाठवून आठ आठवडे उत्तराची वाट पाहिली होती. प्रत्यक्ष जाऊन भेटलो तेव्हा वीस मिनिटांत होकार मिळाला.

उत्तर ३ : माजी विद्यार्थिनी, सध्या पीएच.डी. करते

आदरणीय मॅडम, मी आपली विद्यार्थिनी नाही, परंतु अशाच एका महाविद्यालयातून आले आहे आणि मीही मुंब्र्याच्या कौशाहून लोकलने येत असे. सरांनी सांगितलेल्या योजना उत्तम आहेत. त्यांचा लाभ घेणाऱ्या मुलीच्या घरी काय घडते, ते मला सांगायचे आहे.

द्वितीय वर्षानंतर मला एका संस्थेत दोन महिन्यांची उन्हाळी अधिछात्रवृत्ती मिळाली होती. संस्थेचे नाव घेत नाही, कारण तिथे मला शिकवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. काम मे आणि जूनमध्ये झाले आणि पैसे खात्यात जमा झाले सप्टेंबरमध्ये. मधल्या काळातील पास, डबा आणि खोलीचे भाडे आईच्या भिशीतून गेले. भिशी उचलण्याची तिची पाळी त्या वर्षी योगायोगाने मे महिन्यात आली होती. ती ऑगस्टमध्ये असती तर मी जाऊ शकले नसते. निवडपत्रावर रक्कम लिहिलेली असते, पण ती हातात कधी पडेल हे लिहिलेले नसते, आणि आमच्यासारख्या घरांत सगळे अडते ते तिथेच. म्हणून महाविद्यालयाने दुसरे काही करता आले नाही तरी निवड झालेल्या मुलीला पहिल्या महिन्याचे पैसे उसने द्यावेत आणि अधिछात्रवृत्ती आली की परत घ्यावेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. पंचवीस-तीस हजारांची रक्कम दरवर्षी फिरत राहिली तरी दोघी-तिघींचा उन्हाळा वाचतो.

दुसरी गोष्ट केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीची. बारावीला मंडळाच्या वरच्या एक टक्का विद्यार्थ्यांत असलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना ती मिळते, हे अनेकांना माहीत असते. वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी ६०,००० रुपये विद्यार्थ्याला मिळतात आणि उरलेले २०,००० रुपये उन्हाळी प्रकल्पाच्या मार्गदर्शनासाठी असतात, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणजे या मुलांनी सुट्टीत संशोधन करावे ही अपेक्षा योजनेतच आहे. आमच्या वर्गात आम्ही दोघी पात्र होतो, आणि मैत्रिणीने प्रकल्पाचा अहवाल वेळेत दिला नाही म्हणून तिचे पुढील वर्षाचे पैसे रखडले. आपल्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल तर तिचा उन्हाळी प्रकल्प आपल्याच देखरेखीखाली होऊ शकेल का, याची अवश्य विचारणा करावी.

आणि परवानगीविषयी. माझ्या वडिलांचा नकार तीन आठवडे टिकला होता. आमच्या बाईंनी आईला एका शनिवारी प्रयोगशाळेत बोलावले, तिला हातमोजे दिले, आणि मी कुठे बसते, पाणी कुठे पिते, संध्याकाळी दार कोण बंद करते, हे सगळे दाखवले. आईने सूक्ष्मदर्शकातून यीस्टच्या पेशी पाहिल्या आणि घरी जाऊन वडिलांना सांगितले की खमिराचे पीठ फुगवणारे दाणे तिने डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. या भेटीला एक पैसा लागला नव्हता.

उत्तर ४ : इतिहासाच्या प्राध्यापिका, वांद्रे

चर्चा विज्ञानापुरती राहू नये म्हणून थोडक्यात लिहिते. अल्पसंख्याक महाविद्यालयांतील मोठी विद्यार्थिसंख्या कला आणि वाणिज्य शाखेत आहे आणि त्यांच्यासाठी ‘उन्हाळी संशोधन’ हा शब्दही फारसा कोणी उच्चारत नाही. वास्तविक मुंबईसारखे ठिकाण त्यासाठी शोधून सापडणार नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार, १८०४ मध्ये सुरू झालेली एशियाटिक सोसायटी, फोर्टमधील १९१६ सालची के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आणि १९२६ मध्ये फादर हेरास यांनी झेवियर्समध्ये स्थापन केलेली हेरास संस्था, एवढी साधने चर्चगेट आणि सीएसएमटीपासून पायी जाण्याच्या अंतरात आहेत. शेवटच्या दोन तर अल्पसंख्याक समाजांच्याच ज्ञानपरंपरेतून उभ्या राहिल्या आहेत. एशियाटिक आणि कामा या संस्था संशोधकांना अधिछात्रवृत्तीही देतात. त्यांच्या जाहिरातींवर वर्षभर लक्ष ठेवावे लागते.

अर्थशास्त्र, बँकिंग किंवा वित्त शिकवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेची महाविद्यालयीन शिक्षकांसाठीची शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यात जास्तीत जास्त तीन महिने बँकेत राहून छोटा संशोधन प्रकल्प करता येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी बँकेचा स्वतंत्र उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम आहे आणि त्यात विद्यावेतन मिळते. सामाजिक शास्त्रांतील इतर शिक्षकांनी भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेच्या (आयसीएसएसआर) लघुप्रकल्पांचा विचार करावा.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच की, मुलींना पुराभिलेखागारात न्यायचे तर ओळखपत्र, प्राचार्यांचे पत्र आणि विषयाची नेमकी नोंद आधी तयार ठेवावी. पहिल्या वेळी आम्ही सहा जणी ‘मोहल्ल्यांचा इतिहास’ एवढेच सांगत गेलो आणि कोणती दफ्तरे मागवायची हेच आम्हाला सांगता आले नाही. पुढच्या खेपेला डोंगरीच्या एका रस्त्याचे नाव आणि वीस वर्षांचा काळ ठरवून गेलो, आणि तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीला आपल्या पणजोबांच्या दुकानाच्या गल्लीचा उल्लेख असलेला कागद सापडला.

उत्तर ५ : एका शिक्षणसंस्थेच्या लेखाविभागातील कर्मचारी

मी शिक्षक नाही, पण असा निधी उभारताना चुका कुठे होतात हे रोज पाहतो, म्हणून लिहितो. अल्पसंख्याक संस्थांचे अनेक माजी विद्यार्थी आखाती देशांत, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत आहेत, आणि अशा कामासाठी ते आनंदाने पैसे देतात. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. परंतु दात्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर तो मूळचा भायखळ्याचा असला आणि त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) कार्ड असले तरी ती रक्कम विदेशी अंशदानच ठरते. मग संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी हवी आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागतात. देणगी खात्यात आल्यावर हा फरक लक्षात आला तर फार त्रास होतो. म्हणून दात्याला आधीच नागरिकत्व विचारावे, त्यात संकोच करू नये.

विद्यार्थिनींना पैसे कोणत्या नावाखाली द्यायचे, हाही प्रश्न लेखापरीक्षणात येतो. आमच्याकडे आम्ही ‘कमवा आणि शिका’ या शीर्षाखाली तासांप्रमाणे मानधन देतो आणि हजेरीपत्रकावर मार्गदर्शक शिक्षकांची सही घेतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिकवणुकीतून महाराष्ट्रात रुजलेली ही पद्धत लेखापरीक्षकांनाही परिचयाची असल्यामुळे त्यावर आजवर हरकत निघालेली नाही. प्रयोगशाळेत मन लावून केलेले काम हे कष्टाचेच काम आहे, आणि त्याचा मोबदला मुलीला मान खाली न घालता घेता आला पाहिजे.

पुन्हा, मूळ विचारणा करणाऱ्या प्राध्यापिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेगळी योजना नाही हे कळल्यावर क्षणभर निराशा झाली हे खरे, परंतु आता काय करायचे ते स्पष्ट दिसते आहे. उपप्राचार्य सरांच्या सूचनेप्रमाणे कार्यालयात चौकशी केली. १२ (बी) चे पत्र नॅक मूल्यांकनाच्या जुन्या फायलीत सापडले आणि मी त्याच्या तीन प्रती करून ठेवल्या आहेत. अकादम्यांच्या अधिछात्रवृत्तीसाठी मी स्वतः अर्ज भरायला घेतला आहे. टिपणाची सुरुवात टाकीपासूनच केली आहे. मुंबईतच राहता यावे म्हणून पसंतीच्या मार्गदर्शकांत इथल्या संस्थांतील नावे लिहीत आहे. तसे झाले तर संध्याकाळी मुलींच्या कामाकडे लक्ष देता येईल.

महाविद्यालयाच्या पातळीवर मी एक छोटा हिशेब मांडून प्राचार्यांना दिला आहे. दोन विद्यार्थिनींना दहा आठवडे, प्रत्येकी आठवड्याला दोन हजार रुपये, म्हणजे चाळीस हजार. माध्यमे, रसायने आणि काचसामान अठरा हजार. आणि सुट्टीत येणाऱ्या परिचरांचे मानधन सहा हजार. एकूण चौसष्ट हजार रुपये. रसायनांचा भाग विद्यापीठाच्या लघुसंशोधन अनुदानातून मागणार आहे, मानधनाचा भाग माजी विद्यार्थिनींच्या निधीतून. शिकवणी वर्गात मिळणाऱ्या सात हजारांपेक्षा प्रयोगशाळेतील मानधन कमी असता कामा नये, ही एकच गोष्ट मी त्या पत्रात अधोरेखित केली आहे. नव्या अभ्यासक्रमातील क्षेत्रप्रकल्पाच्या श्रेयांकांत हे काम धरता येईल का, अशी विचारणाही सोबत केली आहे. तसे झाल्यास घरी समजावणे आणखी सोपे जाईल.

शिकवणी वर्गात जावे लागलेली विद्यार्थिनी आता तृतीय वर्षात आहे आणि एप्रिलचे नमुने पुन्हा घ्यायला तयार आहे. तिच्याबरोबर द्वितीय वर्षातील एक नवी मुलगी असेल. तिच्या आईला येत्या शनिवारी मी प्रयोगशाळेत बोलावले आहे. एक अडचण अजून शिल्लक आहे. मलजन्य कोलिफॉर्मच्या खात्रीसाठी ४४.५ अंश सेल्सिअस तापमान स्थिर राखणारे जलपात्र लागते, आणि आमच्याकडचे पात्र दोन अंश वरखाली होते. मे आणि जूनमध्ये भायखळा ते दादर या पट्ट्यात कोणाची प्रयोगशाळा उघडी राहणार असेल आणि आठवड्यातून दोन सकाळी आम्हाला तिथे नळ्या ठेवता येणार असतील, तर कृपया इथेच कळवावे.

उत्तर ६ : भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, पश्चिम उपनगर

मॅडम, आमच्या महाविद्यालयातील जैवतंत्रज्ञान विभागाचे जलपात्र मे महिन्यात सुरू असते, पण आम्ही अंधेरीला आहोत. नमुने तिथपर्यंत आणायचे तर बर्फाच्या डब्यातून आणावे लागतील. त्यापेक्षा आपलेच पात्र दुरुस्त करता येईल का ते आधी पाहू. दोन अंशांचा फरक बहुधा तापनियंत्रकाचा असतो आणि तो भाग फार महाग नसतो. पुढच्या आठवड्यात आमच्या विभागातील तंत्रज्ञांना घेऊन येतो. त्या दिवशी पात्र सकाळपासून पाणी भरून चालू ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तापमान लिहून ठेवायला त्या दोघींनाच सांगा.